चित्र का अडखळते? घरच्या चित्रभांडारातील दोषांचा शोध

यंत्रात बिघाड झाला म्हणजे डोळ्यांसमोर जो भाग असेल, त्यासच मनुष्य प्रथम दोष देतो. घरातील दूरदर्शन संचावर चाललेले चलच्चित्र मध्येच थांबले, त्यावर चौकोनी ठिगळे उमटली, की संच जुना झाला असा निवाडा तत्काळ दिला जातो. नवा संच येतो, आणि त्यावरही तेच चित्र त्याच ठिकाणी थांबते. असे होण्याचे कारण उघड आहे. पडदा हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा होय. दोष दिसतो तो पडद्यावर. असतो मात्र पुष्कळदा दुसरीकडेच.

बंगळूरसारख्या शहरात ही साखळी आता अनेक घरांत नांदू लागली आहे. घराच्या एका कोपऱ्यात लहानसा संगणक अहोरात्र चालू असतो. त्याच्या चकतीवर बोलपट, गाण्यांच्या मैफली आणि मुलांचे वाढदिवस साठविलेले असतात. जेलीफिन किंवा प्लेक्स यांसारखी आज्ञावली ही चित्रे घरातल्या घरात वाय-फायच्या द्वारे दिवाणखान्यातील संचाकडे अथवा हातातील फोनकडे पाठविते. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. त्यास येथे भांडार असे म्हणू.

नोकरीनिमित्त या शहरात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या भांडारात आणखी एक ठेवा असतो. गावाकडील लग्नकार्यांच्या, आजीआजोबांच्या जुन्या चुंबकीय फिती संगणकीय रूपात उतरवून तेथे ठेवलेल्या असतात. या फिती वाचणारी नवी यंत्रे आता मिळत नाहीत. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या जगातील शेवटच्या प्रमुख कारखान्याने २०१६ साली ते उत्पादन थांबविले. म्हणून या ठेव्याच्या बाबतीत उतावळी दुरुस्ती महागात पडते. बोलपट बिघडला तर दुसरा मिळेल. आजीचा आवाज दुसरा मिळणार नाही. दोष कोणत्या दुव्यात आहे हे कळण्यापूर्वी कशासही हात लावू नये, हा नियम येथे विशेष जपावयास हवा.

चित्र लहान कसे होते

दोष शोधण्यापूर्वी चित्र कसे प्रवास करते ते समजून घेणे इष्ट होय. आजच्या सामान्य संचावर एका चित्रात आडवे १९२० व उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगावयास २४ अंक, म्हणजे संगणकाच्या भाषेत २४ बिट, लागतात. सेकंदास २५ चित्रे धरली, तर दर सेकंदास सुमारे १२४ कोटी बिट होतात. दोन तासांचा बोलपट या रीतीने साठवावयाचा म्हटले, तर अकराशे अब्जांहून अधिक बाइट इतकी जागा लागेल. प्रत्यक्षात तोच बोलपट साडेचार अब्ज बाइटांत मावतो. याचा अर्थ, मूळ माहितीचा सुमारे २५० वा भागच तेवढा ठेवला जातो आणि बाकीची टाकून दिली जाते!

या आश्चर्याचा एक धागा बंगळूर शहरापर्यंत पोहोचतो. नसीर अहमद यांचा जन्म १९४० साली येथे झाला. आज युनिव्हर्सिटी विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतून ते १९६१ साली पदवीधर झाले. पुढे अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत असता, चित्रातील माहिती कोसाइन तरंगांच्या रूपात मांडली तर ती फार थोड्या संख्यांत सामावेल, असे त्यांच्या मनात आले. १९७२ साली त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे संशोधनासाठी अनुदान मागितले. ते नाकारण्यात आले. ही कल्पना फारच सोपी दिसते, अशा आशयाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता, असे अहमद यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तरीही त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन व के. आर. राव या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी सिद्ध केलेली रीत जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. छायाचित्रांची जेपेग पद्धती, चलच्चित्रांच्या एमपेग पद्धती, २००३ चे एच-२६४ आणि २०१३ चे एच-२६५ हे संकेत या सर्वांच्या मुळाशी हीच रीत किंवा तिची सुधारलेली रूपे आहेत.

या रीतीचे मर्म असे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे. आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच असा चौकोन घेतला, तर त्यात ६४ संख्या येतात. कब्बन उद्यानावरील निरभ्र आकाशाचा असा एक तुकडा घेतला, तर त्यातील सर्व बिंदू जवळजवळ सारखेच असतात. अशा वेळी ६४ संख्या लिहिण्याऐवजी सरासरी निळेपणाची एक संख्या व किंचित चढउतार सांगणाऱ्या दोनतीन संख्या पुरतात. उद्यानातील झाडांच्या पानांचा तुकडा घेतला, तर मात्र चढउतार पुष्कळ असतात व संख्याही पुष्कळ लागतात. अतिसूक्ष्म चढउतार मानवी डोळ्यास नीट जाणवत नाहीत; म्हणून ते वगळले जातात. शिवाय एका चित्रानंतरचे दुसरे चित्र बहुतांशी पहिल्यासारखेच असल्यामुळे काही थोडी चित्रे संपूर्ण पाठवून मधल्या चित्रांतील फरक तेवढे पाठविले जातात.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, पडद्यावर दिसणारे चित्र प्रत्येक क्षणी नव्याने हिशेब करून उभारले जाते. तो हिशेब करणारा कोणी तरी वाटेवर असावाच लागतो. दुसरी ही की, दोन माणसे बोलत बसली आहेत या दृश्यास थोडी माहिती पुरते, तर पाऊस, धबधबा, हलणारी पाने यांस कित्येक पट अधिक लागते. चित्र नेमके पावसाच्या प्रसंगी थांबत असेल, तर कोठे तरी वाहतुकीची अथवा हिशेबाची शक्ती अपुरी पडत आहे, असा तर्क करावयास हरकत नाही.

चार दुवे

साखळीचे दुवे चार आहेत. पहिला, भांडारातील मूळ फाइल. दुसरा, ती जशीच्या तशी पाठविणारा अथवा रूप बदलून पाठविणारा संगणक. तिसरा, घरातील मार्ग, म्हणजे तार किंवा वाय-फाय. चौथा, माहिती उलगडून चित्र दाखविणारा संच. शोधाची रीत वैद्याच्या तपासणीसारखीच असावी: एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची व परिणाम पाहावयाचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही, व पुन्हा उद्भवला म्हणजे सर्व खटपट पहिल्यापासून करावी लागते.

पहिली परीक्षा सर्वांत सोपी आहे. तीच फाइल भांडार-संगणकासच पडदा जोडून तेथे लावावी. ती ज्या मिनिटास दिवाणखान्यात बिघडत होती, त्याच मिनिटास येथेही बिघडली, तर दोष बहुधा फाइलमध्येच किंवा ती जीवर आहे त्या चकतीत आहे. येथे ती सुरळीत चालली, तर फाइल निर्दोष समजावी व पुढच्या दुव्याकडे वळावे. चित्र केवळ आरंभी दहापाच सेकंद खोळंबते व मग नीट चालते, असे असेल तर काळजीचे कारण नाही. काम नसता विश्रांती घेणारी चकती जागी होऊन फिरू लागण्यास तेवढा वेळ लागतो.

डबा आणि पदार्थ

दुसऱ्या दुव्यात सर्वाधिक घोटाळा होतो, व तो नावांमुळे होतो. फाइलच्या नावाअखेर एमपी-फोर किंवा एमकेव्ही अशी अक्षरे असतात. ही अक्षरे डब्याचे नाव सांगतात, आतील पदार्थाचे नव्हे. एकाच प्रकारच्या डब्यात एच-२६४ संकेताचे चित्र असू शकते, तसेच एच-२६५ चेही. संचास डबा ओळखीचा वाटतो, पण आतील पदार्थ त्यास पचत नाही. मग आवाज ऐकू येतो व पडदा काळा राहतो. उलट चित्र दिसते व आवाज येत नाही, तेव्हा ध्वनीचा संकेत संचास अपरिचित असतो. डीटीएस हा ध्वनिसंकेत काही संच वाचीत नाहीत, हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय.

संचास न पचणारा पदार्थ आला, म्हणजे भांडार-संगणक तो वाटेतच नव्याने शिजवू लागतो. जुना संकेत उलगडून संचास समजणाऱ्या संकेतात चित्र पुन्हा बांधण्याच्या या क्रियेस संकेतांतर म्हणतात. केवळ ध्वनीचे संकेतांतर किरकोळ काम असते; चित्राचे काम फार मोठे. त्यासाठी खास विद्युत्-मंडल नसलेला दुबळा संगणक मागे पडतो व प्रेक्षकास फिरते चक्र पाहत बसावे लागते. कधी कधी पहिली काही मिनिटे चित्र नीट चालते आणि नंतर अडखळू लागते. अशा वेळी संगणकास हात लावून पाहावा. तो तापला असेल, तर स्वतःच्या रक्षणार्थ त्याने आपली गती कमी केलेली असते. हवा खेळेल अशा जागी त्यास हलविले की पुष्कळदा तेवढ्याने भागते.

चित्र जसेच्या तसे जात आहे, की त्याचे संकेतांतर होत आहे, हे या आज्ञावली आपल्या नियंत्रण-पृष्ठावर स्पष्ट दाखवितात. दोष शोधू पाहणाऱ्याने तर्क लढविण्यापूर्वी ते पृष्ठ उघडावे. संकेतांतराचे एक अनपेक्षित कारण तेथे वारंवार आढळते: चित्राखालील संवादपट्टी. ती अक्षररूपात असेल तर संच स्वतः ती लिहितो. परंतु चकतीवरून उतरविलेल्या बोलपटांत ती बहुधा लहान लहान चित्रांच्या रूपात असते. संचास ती मांडता आली नाही, की भांडारास प्रत्येक चित्रावर ती छापून संपूर्ण चित्र पुन्हा बांधावे लागते. पट्टी बंद करताच चित्र सुरळीत चालले, तर चोर सापडला म्हणावयाचा. मराठी संवादांच्या जागी नुसत्या चौकटी दिसत असतील, तर मात्र कारण निराळे. तेथे देवनागरी अक्षरांचा संच उपलब्ध नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरातील मार्ग आणि गच्चीवरील टाकी

तिसऱ्या दुव्याविषयी एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. चित्र अडखळू लागले की बरेच गृहस्थ इंटरनेटची अधिक वेगाची व अधिक दराची योजना घेतात. घरच्या भांडारातून घरच्याच संचाकडे जाणारे चित्र घराबाहेर मुळी जातच नाही. ते भांडारातून राउटरकडे व राउटरवरून संचाकडे जाते. त्यामुळे बाहेरील जोडणीचा वेग दुप्पट केला, तरी या चित्रास त्याचा लाभ होत नाही.

मार्ग पुरेसा आहे की नाही, हे साध्या गणिताने कळते. फाइलचा आकार बाइटांत असतो व मार्गाचा वेग बिटांत. एका बाइटात ८ बिट असतात. साडेचार अब्ज बाइटांस ८ ने गुणून दोन तासांच्या ७,२०० सेकंदांनी भागले, तर सेकंदास ५० लाख बिट हा सरासरी वेग येतो. सरासरी म्हटले ते मुद्दाम. पावसाच्या व पानांच्या दृश्यात मागणी याच्या कितीतरी वर जाते. ही तात्पुरती वाढ सोसण्यासाठी संच काही माहिती आगाऊ साठवून ठेवतो. या साठ्यास बफर म्हणतात.

बंगळूरच्या रहिवाशास बफर म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून व सुमारे पाचशे मीटर उंच चढवून या शहरात आणले जाते. ते नळास अखंड असतेच असे नाही; म्हणून घरोघरी जमिनीखाली एक टाकी, जिला येथे संप म्हणतात, व गच्चीवर दुसरी टाकी असते. टाकी आहे तोवर नळ केव्हा आला नि गेला हे घरात कळत नाही. परंतु रोजचा खर्च आवकेहून अधिक असेल, तर टाकी कितीही मोठी केली तरी ती एक दिवस रिकामी होणारच. चित्राचेही तसेच. समजा, चित्रास सेकंदास ८० लाख बिट लागतात, मार्गाने ६० लाख येतात, आणि आरंभी ३० सेकंदांचा, म्हणजे २४ कोटी बिटांचा साठा आहे. दर सेकंदास २० लाखांची तूट पडते. म्हणजे बरोबर १२० सेकंदांनी साठा संपून चित्र थांबेल. थोडा साठा जमला की पुन्हा चालेल, पुन्हा थांबेल. असे ठरावीक अंतराने थांबणे हे कायमच्या तुटीचे लक्षण होय. दिवसभर नीट चालून रात्री नऊच्या सुमारास अधूनमधून थांबणे हे मार्गातील गर्दीचे लक्षण समजावे.

ही गर्दी कोठून येते? वाय-फायचे तरंग दोन मुख्य पट्ट्यांत धावतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून बरी पार जाते. पण तीत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच आहेत. बहुमजली इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाचा राउटर याच तीन मार्गांवर दाटी करतो, आणि अन्न तापविणारी सूक्ष्मतरंग-भट्टीही याच कंप्रतेच्या आसपास काम करते. ५ गिगाहर्ट्झची पट्टी अधिक रुंद व वेगवान आहे. भारतात २०१८ साली तिचा बराच मोठा भाग विनापरवाना वापरास खुला झाला. काँक्रीटच्या भिंतीत मात्र ती लवकर क्षीण होते. म्हणून राउटर व संच एकाच खोलीत असतील तर दुसरी पट्टी निवडावी. वाटेत तरंगांची पुनरुक्ती करणारी लहान पेटी लावली असेल, तर तीही तपासावी. एकाच पट्टीवर ऐकणारी व बोलणारी साधी पेटी मार्गाचा वेग जवळजवळ निम्मा करते.

या सर्व शंकांचा निकाल लावणारी परीक्षा एकच आहे. भांडार व संच दोन्ही राउटरला तारेने जोडून तेच चित्र पाहावे. तारेवर ते सुरळीत चालले, तर दोष हवेतील मार्गाचा; तारेवरही अडखळले, तर मार्ग निर्दोष. दहा मिनिटांच्या या प्रयोगाने पुष्कळ अनावश्यक खरेदी टळते.

डोळ्यांस खटकणारी चाल

चौथा दुवा संचाचा. चित्र थांबत नाही, आवाज तुटत नाही, पण कॅमेरा आडवा फिरला की दृश्य बारीक बारीक धक्के खात सरकते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. हा बिघाड नसून दोन तालांचा बेबनाव होय. पूर्वापार आपल्या देशातील दूरचित्रवाणीची गती सेकंदास २५ चित्रांची आहे, व घरगुती कॅमेऱ्यांच्या फितीही त्याच गतीच्या. संच मात्र आपला पडदा सेकंदास ६० वेळा उजळीत असला, तर प्रत्येक चित्राच्या वाट्यास २.४ वेळा येतात. पडदा अपूर्णांकाने उजळता येत नाही. म्हणून काही चित्रे दोनदा व काही तीनदा दाखविली जातात, आणि चाल लंगडते. पडद्याची गती ५० करताच प्रत्येक चित्र बरोबर दोनदा येते व लंगडेपणा नाहीसा होतो. बहुतेक संचांत अथवा त्यास जोडलेल्या पेटीत चित्राच्या गतीप्रमाणे पडदा बदलण्याची सोय असते. ती चालू करावी.

जुन्या लग्नाच्या चित्रात हलणाऱ्या माणसांच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्याचेही कारण असेच आहे. त्या काळचा कॅमेरा एका चित्राच्या सम व विषम ओळी दोन निरनिराळ्या क्षणी टिपीत असे. जुन्या काचेच्या संचावर त्या तशाच आळीपाळीने उमटत, म्हणून खटकत नसत. आजचा पडदा त्या एकदम दाखवितो. दाखविताना ओळींचा मेळ घालण्याची क्रिया चालू केली की दात नाहीसे होतात. मूळ चित्रास काही झालेले नसते.

मूळ प्रतीचे मोल

मूळ प्रतीचे रक्षण येथेच महत्त्वाचे ठरते. वरील त्रासांना कंटाळून कित्येक लोक सर्व जुनी चित्रे एकदम नव्या संकेतात बदलून टाकतात, जागा वाचली म्हणून समाधान मानतात व मूळ फाइल पुसून टाकतात. चित्र बांधताना बारीक चढउतार कायमचे टाकले जातात, हे वर सांगितलेच आहे. एकदा बांधलेले चित्र उलगडून पुन्हा बांधले, की आधीच उणे झालेल्या चित्रातून आणखी काही वजा होते. फितीवरील अंधुक चेहऱ्यांत टाकण्याजोगे मुळातच थोडे असते. शिवाय ओळींचा मेळ चुकीचा घालून चित्र बांधले, तर कंगव्याचे दात त्यात कायमचे कोरले जातात. मग ते पुसणे अशक्यप्राय होते.

म्हणून दुरुस्ती करावयाची ती प्रतीवर, मुळावर नव्हे. आतील पदार्थ तसाच ठेवून नुसता डबा बदलण्याने गुणवत्तेची हानी होत नाही. तेवढ्याने काम भागत असेल तर अधिक काही करू नये. संकेत बदलणेच आवश्यक असेल, तर नवी फाइल निराळी तयार करावी व मूळ फाइल दोन वेगवेगळ्या चकत्यांवर, शक्य तर दोन वेगवेगळ्या घरांत ठेवावी. एकाच चकतीवरील दोन प्रती म्हणजे एकच प्रत होय. भांडार-संगणकास अखंड वीजपुरवठ्याची पेटी जोडणेही हितावह. लिहिण्याचे काम चालू असता वीज गेली, तर फाइल अर्धवट राहण्याचा संभव असतो.

सारांश, चित्र अडखळले तर प्रथम ते भांडारातच लावून पाहावे, मग नियंत्रण-पृष्ठ वाचावे, मग तार जोडून मार्ग तपासावा, आणि शेवटी संचाची गती पाहावी. या क्रमाने गेल्यास दोषाचे स्थान बहुधा एका संध्याकाळी निश्चित होते, व नवा संच विकत घेण्याची पाळी क्वचितच येते. तोवर आजीआजोबांची फाइल जशी आहे तशीच राहू द्यावी. संच, राउटर व संगणक कालांतराने बदलतील आणि आज अडणारे चित्र उद्या विनासायास चालेल. मात्र त्यासाठी ते मूळ रूपात शिल्लक असले पाहिजे.